मानववैद्यक, पशुवैद्यक आणि ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा

१. विषयप्रवेश

सन २०१३ च्या मे महिन्यात, ता. ३ ते ८ ह्या काळात, अमेरिकेतील बॉस्टन शहरी ग्रंथपालांचे एक अधिवेशन भरले होते. मेडिकल लायब्ररी असोसिएशन ह्या जुन्या अमेरिकन संस्थेचे ते वार्षिक अधिवेशन. परंतु त्याला जोडूनच वैद्यकीय ग्रंथालयशास्त्राची अकरावी आंतरराष्ट्रीय परिषद, पशुआरोग्यविषयक माहितीच्या तज्ज्ञांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद आणि रुग्णालयात चिकित्सकांसमवेत काम करणाऱ्या ग्रंथपालांची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद अशा आणखी तीन परिषदा त्याच ठिकाणी भरविण्यात आल्या. अधिवेशनाचे सूत्र ‘एक आरोग्य : परस्परावलंबी जगातील माहिती’ असे होते. माणसाचे, पशूंचे आणि पर्यावरणाचे आरोग्य ह्या तीन स्वतंत्र गोष्टी नसून एकाच गोष्टीची तीन अंगे होत, हा विचार त्या सूत्राच्या मुळाशी होता.

व्यावसायिकांच्या परिषदांकडे इतिहासाचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. स्वागतपर भाषणे, ठराव आणि कार्यवृत्ताचा एखादा जाडजूड खंड एवढेच त्यांतून मागे उरते, असा समज आहे. आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असेही नाही. तथापि कोणत्या व्यावसायिकांनी कोणास आपले मानले, कोणास पाहुणे मानले आणि कोणास निमंत्रणच धाडले नाही, ह्याची नोंद परिषदांच्या इतिहासात जितकी स्पष्ट सापडते तितकी क्वचितच अन्यत्र सापडते. वैद्यकीय ग्रंथपालांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५३ मध्ये भरली. मानववैद्यकाचे ग्रंथपाल आणि पशुवैद्यकाचे ग्रंथपाल ह्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा ‘एक आरोग्य’ ह्या नावाखाली एकत्र भरल्या त्या २०१३ मध्ये. मधल्या साठ वर्षांचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ह्या दोन वाङ्मयांतील अंतर रोगांनी निर्माण केलेले नव्हते. ते शासकीय खात्यांनी, ग्रंथवर्गीकरणांनी आणि सूचींनी निर्माण केले होते, आणि म्हणूनच ते कमी करण्याच्या कामी ग्रंथपालांस काही करता येण्याजोगे होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. एका विद्येची दोन दालने

फ्रान्समध्ये लिआँ येथे क्लोद बूर्जला ह्याने १७६१ मध्ये पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापन केले. त्याची प्रेरणा सरळ होती. बुळकांडीसारख्या साथींनी युरोपातील गुरे हजारोंनी मरत होती आणि शेतीचा कणा मोडत होता. म्हणजे पशुवैद्यक हे जन्मापासूनच कृषीच्या आणि राज्याच्या अर्थकारणाच्या छायेत वाढले. मानववैद्यकाची विद्यापीठीय परंपरा त्याहून कित्येक शतकांनी जुनी होती. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ह्या दोन विद्यांमधील ये-जा मोकळी होती. एकाच संशोधकाने सकाळी गुरांच्या आणि सायंकाळी माणसांच्या रोगाचा विचार करावा, ह्यात त्या काळी कोणास वावगे वाटत नसे.

ह्याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. १८८९ मध्ये पुणे येथे शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते. पशुरोगांच्या संशोधनासाठी असलेली ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिच्यातूनच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. रॉबर्ट कॉख हा १८९६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे गुरांच्या बुळकांडीवर काम करीत होता. १८९७ मध्ये तो जर्मन प्लेग आयोगाबरोबर मुंबईस आला आणि त्याच वर्षी मुक्तेश्वरासही जाऊन आला. गुरांची साथ आणि माणसांची साथ ह्यांच्यामध्ये त्याला एका समुद्रप्रवासापलीकडे अंतर दिसले नाही.

अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि त्याचा सहकारी पशुवैद्य एफ. एल. किलबोर्न ह्यांनी गुरांचा ‘टेक्सास ज्वर’ गोचिडीमार्फत पसरतो हे सिद्ध केले. सांधेपाद जीवामार्फत रोगाचे संक्रमण होते ह्याचा हा अत्यंत महत्त्वाचा पुरावा होता. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकात नव्हे, तर अमेरिकन कृषिखात्याच्या पशूद्योग विभागाचे पहिले पत्रक म्हणून. रोनाल्ड रॉस ह्याने सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचा परोपजीवी पाहिला तो ऑगस्ट १८९७ मध्ये, म्हणजे चार वर्षांनंतर. मानवी रोगांच्या संशोधनाला ज्याचा इतका उपयोग होता असे संशोधन कृषिखात्याच्या पत्रकात छापले जावे आणि म्हणून कृषीच्या ग्रंथालयात राहावे, हा त्या काळाचा एक लक्षणीय संकेत म्हटला पाहिजे.

आणखी एक उदाहरण एका कुटुंबाचे आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले पशुवैद्य आर्नोल्ड थाइलर ह्यांनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियानजीक ऑन्डरस्टपोर्ट येथे पशुरोग संशोधनसंस्था उभारली. त्यांचे पुत्र मॅक्स थाइलर ह्यांस पीतज्वरावरील कार्यासाठी १९५१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पिता आणि पुत्र दोघेही जन्मभर साथीच्या रोगांचाच अभ्यास करीत राहिले. तथापि मोठ्या ग्रंथालयात पित्याचे ग्रंथ एका मजल्यावर आणि पुत्राचे दुसऱ्या मजल्यावर शोधावे लागतात.

३. वर्गीकरणातील स्थान

ही विभागणी कोणी केली? मेल्विल ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात वैद्यकाचा अंक ६१० आहे. आरंभीच्या आवृत्त्यांत पशुवैद्यकास ६१९ हा अंक होता. म्हणजे तुलनात्मक वैद्यक ह्या नात्याने ते वैद्यकाच्याच कुटुंबात, शेवटच्या खोलीत का होईना, राहत होते. पुढील आवृत्त्यांत त्याची रवानगी ६३६.०८९ ह्या अंकावर, म्हणजे पशुपालनाच्या पोटात झाली. ड्यूईच्याच पायावर रचलेल्या सार्वत्रिक दशांश वर्गीकरणाने ६१९ हा अंक त्यानंतरही दीर्घ काळ पशुवैद्यकासाठी राखून ठेवला होता. अमेरिकन काँग्रेस ग्रंथालयाच्या पद्धतीत वैद्यक ‘आर’ ह्या अक्षराखाली, तर पशुवैद्यक कृषीच्या ‘एस’ वर्गातील ‘एसएफ’ ह्या उपवर्गात येते.

ह्या संदर्भात रंगनाथन ह्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. त्याच्या सहाव्या आवृत्तीत प्राणिशास्त्रास ‘के’, पशुसंवर्धनास ‘केएक्स’ आणि वैद्यकास ‘एल’ ही चिन्हे आहेत. प्राणिशास्त्राकडून वैद्यकाकडे जाताना वाटेत पशुसंवर्धन लागते. दोहोंची भिंत एकच आहे. हा क्रम रंगनाथन ह्यांनी ‘एक आरोग्य’ ही कल्पना मनात धरून लावला, असे अर्थातच म्हणता येणार नाही. परंतु विषयांच्या नैसर्गिक सान्निध्याचा विचार केला असता हे दोन वर्ग शेजारी येतात आणि खात्यांच्या विभागणीचा विचार केला असता ते दूर जातात, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

आंतरराष्ट्रीय संघटनांनी हीच विभागणी जागतिक पातळीवर नेली. पशुरोगांसंबंधीचे आंतरराष्ट्रीय कार्यालय १९२४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्न व कृषी संघटनेचे मुख्यालय रोम येथे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे जिनीव्हा येथे गेले. पशूंपासून माणसास होणाऱ्या रोगांच्या अभ्यासकास तीन शहरांच्या प्रकाशनांवर लक्ष ठेवणे प्राप्त झाले. ह्या संघटनांना दुराव्याची जाणीव नव्हती असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९४९ पासूनच पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्याचे काम सुरू केले होते, आणि १९५० च्या डिसेंबरात तिच्या व अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञगटाची प्राणिजन्य रोगांविषयी बैठकही झाली. परंतु संयुक्त समितीचा अहवाल कोणत्या कपाटात ठेवावयाचा, हा प्रश्न ग्रंथपालापुढे उरलाच.

४. सूची आणि पहिली संघटना

कपाटांच्या मागोमाग सूचींचा विचार येतो. जॉन शॉ बिलिंग्ज आणि रॉबर्ट फ्लेचर ह्यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली, आणि १८८० मध्ये अमेरिकन सेनेच्या सर्जन जनरलच्या ग्रंथालयाच्या सूचीचा पहिला खंड बाहेर पडला. पशुवैद्यकास असे साधन बरेच उशिरा मिळाले. इंग्लंडमध्ये वेब्रिज येथील शाही पशुआरोग्य केंद्राने १९३१ मध्ये ‘व्हेटरिनरी बुलेटिन’ आणि १९३३ मध्ये ‘इंडेक्स व्हेटरिनेरियस’ काढले. दोन सूचींच्या आरंभांत चोपन्न वर्षांचे अंतर आहे. दोन्ही विद्यांस एकत्र घेणारी सूची अगदीच नव्हती असे नाही. चार्ल्स स्टाइल्स आणि आल्बर्ट हॅसॉल ह्यांची ‘वैद्यकीय व पशुवैद्यकीय प्राणिशास्त्राची सूची’ १९०२ पासून प्रसिद्ध होऊ लागली होती. कृमी आणि गोचिडी ह्यांच्या अभ्यासकास माणूस व पशू असा भेद करणे परवडतच नसे, म्हणून ती सूची तशी झाली. रोगाचे स्वरूप जेथे प्रबळ ठरले तेथे सूची एक झाली. खाते जेथे प्रबळ ठरले तेथे सूची दोन झाल्या.

मेडिकल लायब्ररी असोसिएशनची स्थापना २ मे १८९८ रोजी फिलाडेल्फिया येथे झाली. संस्थापकांत चार ग्रंथपाल आणि चार वैद्य होते; जॉर्ज गूल्ड, विल्यम ऑस्लर आणि मॉन्ट्रिऑलच्या मॅक्गिल विद्यापीठातील ग्रंथपाल मार्गारेट चार्लटन ही त्यांतील ठळक नावे. जादा प्रतींची ग्रंथालया-ग्रंथालयांत देवघेव करावी, हा संस्थेचा मुख्य हेतू होता. ह्या ऑस्लरविषयीची एक गोष्ट येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. मॅक्गिलमध्ये असताना तो मॉन्ट्रिऑलच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसही शिकवीत असे. कुत्र्यांच्या श्वासनलिकेत आढळणाऱ्या एका कृमीचे वर्णन त्याने १८७७ मध्ये पशुवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि त्या कृमीच्या शास्त्रीय नावात आजही ऑस्लरचे नाव आहे. म्हणजे वैद्यकीय ग्रंथपालांच्या पहिल्या संघटनेचा एक जनक स्वतः दोन्ही दालनांत वावरलेला होता. त्याच्या संघटनेत मात्र पशुवैद्यकाच्या ग्रंथालयांचा स्वतंत्र विभाग निघावयास १९७० चे दशक उजाडावे लागले.

५. आंतरराष्ट्रीय परिषदांचा क्रम

दुसऱ्या महायुद्धात युरोपातील ग्रंथसंग्रहांची अपरिमित हानी झाली. बेल्जममधील लूवाँ विद्यापीठाचे ग्रंथालय १९१४ प्रमाणे १९४० मध्येही जळाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सवर मे १९४१ मध्ये बाँब पडून तेथील वस्तुसंग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. युद्धकाळातील नियतकालिकांचे अंक असंख्य ग्रंथालयांत पोहोचलेच नव्हते. अशा परिस्थितीत जुलै १९५३ मध्ये लंडन येथे वैद्यकीय ग्रंथालयशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यामागे केवळ सौहार्दाची भावना नव्हती. संग्रहांतील खंड भरून काढावयाचे तर कोणत्या देशातील कोणत्या ग्रंथालयात काय आहे हे ठाऊक असणारी माणसे एकमेकांस भेटणे आवश्यकच होते.

दुसरी परिषद जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाली. ह्या दहा वर्षांत पुष्कळ काही घडले होते. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेच्या सेनेचे वैद्यकीय ग्रंथालय राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय बनले होते. त्याची नवी इमारत बेथेस्डा येथे उभी राहिली होती. आणि वैद्यकीय सूची संगणकाच्या साहाय्याने तयार करण्याची ‘मेडलार्स’ ही पद्धती परिषदेनंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९६४ मध्ये, कार्यान्वित झाली. ग्रंथपालांच्या व्यवसायात नंतर जे स्थित्यंतर झाले त्याचा उंबरठा म्हणून १९६३ च्या परिषदेकडे पाहता येईल.

तिसरी परिषद १९६९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भरली. त्यानंतर अकरा वर्षांचा खंड पडला. चौथी परिषद १९८० मध्ये बेलग्रेड येथे ‘विकसनशील जगासाठी आरोग्यविषयक माहिती’ हे सूत्र घेऊन भरली. दोनच वर्षांपूर्वी आल्मा-आटा येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. पाचवी १९८५ मध्ये टोकिओ येथे, सहावी १९९० मध्ये नवी दिल्ली येथे, सातवी १९९५ मध्ये पुन्हा वॉशिंग्टन येथे, आठवी २००० मध्ये पुन्हा लंडन येथे, नववी २००५ मध्ये ब्राझीलमधील साल्वादोर येथे ‘समतेशी बांधिलकी’ ह्या सूत्राने, आणि दहावी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झाली.

नगरांच्या ह्या यादीतून एक गोष्ट सहज लक्षात येते. पहिल्या तीन परिषदा अटलांटिकच्या दोन काठांवर झाल्या. बेलग्रेडपासून परिषद हळूहळू त्या परिघाबाहेर पडली. टोकिओने ती आशियात आणली आणि दिल्लीने एका गरीब देशाच्या राजधानीत. परदेशी परिषदेस जाणे हा श्रीमंत देशांतील ग्रंथपालास व्यवसायाचा भाग होता. भारतातील महाविद्यालयीन ग्रंथपालास ती आयुष्यातून एखादे वेळी येणारी, आणि बहुधा न येणारीच, संधी होती. प्रवासखर्च, परकीय चलन आणि रजा ह्या तीन अडचणी ओलांडल्याखेरीज त्याला सभागृहाचे दार दिसत नसे. म्हणूनच १९९० च्या परिषदेचे महत्त्व तिच्यातील निबंधांवरून मोजणे पुरेसे होणार नाही. ज्यांस परिषदेकडे जाता येत नव्हते त्यांच्याकडे परिषद आली, हे तिचे वैशिष्ट्य होय.

भूगोलाच्या बाबतीत परिषदेची दृष्टी अशी विस्तारत गेली. विषयाच्या बाबतीत मात्र ती मानववैद्यकाच्या मर्यादेत दीर्घ काळ राहिली. विकसनशील देशांचा प्रश्न बेलग्रेड येथे सूत्र म्हणून पुढे आला खरा. पण त्या देशांत बहुसंख्य माणसे गुरांच्या सहवासात राहतात, आणि त्यांच्या आरोग्याचा प्रश्न गुरांच्या आरोग्यापासून अलग करता येत नाही, हा विचार परिषदेच्या शीर्षकात यावयास आणखी तेहतीस वर्षे जावी लागली.

६. एकाकी ग्रंथपाल

पशुवैद्यकाच्या ग्रंथपालांची स्थिती निराळी होती. त्यांची संख्याच मुळी अल्प. ब्रिटनमध्ये २००६ पर्यंत पशुवैद्यकाची अवघी सहा विद्यालये होती. ज्या देशात वैद्यकीय महाविद्यालये डझनांनी मोजावी त्या देशात पशुवैद्यकाची विद्यालये हाताच्या बोटांवर मोजता येतात. बहुधा प्रत्येक ठिकाणी ह्या विषयाचा जाणता ग्रंथपाल एकच असावयाचा. तोही काही ठिकाणी कृषिग्रंथालयाच्या, तर काही ठिकाणी वैद्यक ग्रंथालयाच्या आधिपत्याखाली. घोड्याच्या शल्यक्रियेविषयीचा जर्मन प्रबंध कोठे मिळेल, हे विचारावयास त्याला आपल्या नगरात दुसरा समव्यवसायी नसे. त्याचे सहकारी अन्य देशांत होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय परिषद ही मानववैद्यकाच्या ग्रंथपालास उपयुक्त असली तर पशुवैद्यकाच्या ग्रंथपालास ती जवळजवळ अपरिहार्य होती. पशुआरोग्य-माहितीच्या तज्ज्ञांनी आपल्या स्वतंत्र परिषदा भरविल्या त्या ह्या गरजेपोटी.

त्यांच्या साधनांचा प्रश्नही वेगळा होता. ‘मेडलाइन’ ही १९७१ मध्ये सुरू झालेली आणि पुढे १९९७ पासून सर्वांस निःशुल्क खुली झालेली सूची मानववैद्यकासाठी रचलेली होती. पशुवैद्यकाच्या नियतकालिकांचा एक भागच तिच्यात येई. वेब्रिजच्या सूचींचा वारसा सांगणारा ‘कॅब ॲब्स्ट्रॅक्ट्स’ हा संग्रह त्या बाबतीत कितीतरी व्यापक होता. २०१२ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक पाहणीत पशुवैद्यकाच्या नियतकालिकांपैकी सुमारे नऊ-दशांश एकट्या ह्या संग्रहात आढळली. परंतु तो सशुल्क होता. परिणाम असा की, मानवी रोगाचा अभ्यासक फुकट मिळणाऱ्या सूचीत शोध घेऊन थांबे, आणि पशुरोगाविषयी जे लिहिले गेले होते ते त्याच्या दृष्टीआडच राही. ही उणीव वैद्यकीय ग्रंथपालास सांगू शकणारी व्यक्ती म्हणजे पशुवैद्यकाचा ग्रंथपाल. आणि हे दोघे वेगवेगळ्या सभागृहांत बसत होते.

७. क्यासनूर आणि न्यूयॉर्क

ह्या दुराव्याचे मोल काय, हे समजण्यास दोन घटना उपयोगी पडतात. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे मरू लागली आणि त्याच भागातील माणसांस तीव्र ज्वर येऊ लागला. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा तपास केला. दक्षिण अमेरिकेतील जंगलांत पीतज्वराने माकडे मरतात, हे पूर्वीचे ज्ञान असल्यामुळे प्रथम पीतज्वराची शंका आली. अखेरीस सिद्ध झाले ते असे की, हा विषाणू रशियातील गोचिडीजन्य मस्तिष्कज्वराच्या गटातील असून तो गोचिडींमार्फत पसरतो. हा शोध लवकर लागला, कारण मेलेली माकडे, गोचिडी आणि तापाने फणफणलेली माणसे ह्या तिन्हींकडे एकाच संस्थेने एकाच वेळी पाहिले.

दुसरी घटना १९९९ मधील. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात कावळे मोठ्या संख्येने मरत होते. ऑगस्टच्या अखेरीस क्वीन्स भागात मस्तिष्कज्वराचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरच्या आरंभी तो ‘सेंट लुइस’ प्रकारचा ज्वर असल्याचे आरोग्ययंत्रणेने जाहीर केले. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅक्नमारा ह्यांस मात्र हे पटेना. कारण त्या रोगाने पक्षी सहसा मरत नाहीत, आणि येथे तर प्राणिसंग्रहालयातील पक्षीही मरू लागले होते. पक्ष्यांचे नमुने तपासले गेल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस खरे निदान झाले. १९३७ मध्ये युगांडात प्रथम आढळलेला वेस्ट नाइल विषाणू पश्चिम गोलार्धात पहिल्यांदाच अवतरला होता. त्या वर्षी ६२ जणांस हा रोग जडला व ७ जण मृत्यू पावले. कावळ्यांचे मृत्यू आणि माणसांचे मृत्यू ह्यांचा तपास काही आठवडे दोन समांतर वाटांनी चालला होता.

ह्या विलंबाचा दोष ग्रंथालयांकडे जात नाही. तो यंत्रणांच्या रचनेचा होता. परंतु ज्या रचनेने दोन तपास वेगळे ठेवले, तिनेच दोन कपाटे, दोन सूची आणि दोन परिषदा वेगळ्या ठेवल्या होत्या. कॅल्विन श्वाबे ह्या पशुवैद्याने १९६४ मध्ये ‘पशुवैद्यक आणि मानवी आरोग्य’ हा ग्रंथ लिहिला आणि पुढे ‘एकच वैद्यक’ हा विचार आग्रहाने मांडला. सप्टेंबर २००४ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘एक जग, एक आरोग्य’ ह्या मथळ्याखाली मॅनहॅटन तत्त्वे जाहीर झाली. मधल्या काळात हाँगकाँगमधील पक्षिज्वराने (१९९७) आणि सार्सने (२००३) ह्या विचारास भयाचे बळ पुरविले होते.

८. बॉस्टन, २०१३

अशा पार्श्वभूमीवर बॉस्टनचे अधिवेशन भरले. त्या शहराचा पूर्वेतिहासही ह्या विषयाशी जुळणारा आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे पशुवैद्यक विद्यालय तेथे १८८२ मध्ये निघाले आणि १९०१ मध्ये बंद पडले. टेक्सास ज्वराचा संशोधक थिओबाल्ड स्मिथ हा १८९६ पासून त्याच विद्यापीठात तुलनात्मक विकृतिशास्त्राचा प्राध्यापक होता. ‘तुलनात्मक’ ह्या एका विशेषणात माणूस आणि पशू ह्यांना एकत्र आणण्याची जी आकांक्षा होती, तीच शतकानंतर ‘एक आरोग्य’ ह्या नावाने त्याच नगरात परतली.

ह्या संयुक्त अधिवेशनाने काय साधले? एका आठवड्याच्या सहवासाने सूचींची रचना बदलत नाही, आणि बदलली असा दावा करणेही अनैतिहासिक ठरेल. तथापि दोन गोष्टी निश्चित झाल्या. पहिली अशी की, पशुआरोग्याचा ग्रंथपाल हा वैद्यकीय ग्रंथपालांच्या सभेत एका लहान विभागाचा प्रतिनिधी म्हणून न बसता स्वतःची सातवी परिषद घेऊन बरोबरीच्या नात्याने बसला. दुसरी अशी की, सूत्र त्याच्या विषयाचे होते. मोठ्या व्यवसायाने लहान व्यवसायाची भाषा उचलली, असे प्रसंग परिषदांच्या इतिहासात फार नाहीत.

९. पुढची वाट

परंतु जुने अंतर नव्या रूपात पुन्हा प्रकट होण्याचा धोका कायम असतो. गरीब देशांस नियतकालिके निःशुल्क वा अल्प मोलात मिळावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००२ मध्ये ‘हिनारी’ योजना सुरू झाली. पुढच्याच वर्षी अन्न व कृषी संघटनेची ‘अगोरा’ योजना आली. आरोग्य एका दाराने आणि कृषी व पशू दुसऱ्या दाराने, असा जिनीव्हा व रोम ह्यांचा भेद तेथेही उमटला. दोन्ही योजना कालांतराने एका छत्राखाली आणल्या गेल्या, ही समाधानाची गोष्ट. भारतातही २००८ च्या सुमारास वैद्यकीय संस्थांसाठी ‘अर्मेड’ आणि कृषी व पशुविज्ञान संस्थांसाठी ‘सेरा’ असे दोन स्वतंत्र नियतकालिक-संघ उभे राहिले. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांस एकाच यादीतून उपलब्ध करून देण्याचे ठरविले. खात्यांच्या भिंतींस अशा रीतीने एक दार पाडले गेले. मात्र त्या दारातून वाचकास नेण्याचे काम यादी करीत नाही, ते ग्रंथपालासच करावे लागते.

ह्या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास मुंबईतील परळ हे ठिकाण पुरेसे आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय तेथे आहे. १८९९ पासून हाफकिन ह्यांची प्लेग प्रयोगशाळा, म्हणजे नंतरची हाफकिन संस्था, तेथे आहे. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो हे ज्या संशोधनाने प्रस्थापित केले त्याचे ते केंद्र होते. १९२६ मध्ये सुरू झालेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. ह्या तिन्ही संस्था एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. परंतु १९९८ मध्ये नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि २००० मध्ये नागपूर येथे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून परळचे वैद्यकीय महाविद्यालय नाशिकशी आणि पशुवैद्यक महाविद्यालय नागपूरशी जोडले गेले. ह्या रचनेस प्रशासनाच्या दृष्टीने सबळ कारणे आहेत; शंभर वर्षांपूर्वी कृषिखाते आणि आरोग्यखाते वेगळे करण्यासही होती.

१९५३ ते २०१३ ह्या परिषदांच्या इतिहासातून निष्पन्न होते ते एवढेच. शास्त्रज्ञांस अंतराची जाणीव होते ती बहुधा साथ आल्यावर. ग्रंथपालास मात्र ती रोज होत असते. कारण एकाच प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याला दोन कपाटे उघडावी लागतात. ही रोजची जाणीव एकमेकांस सांगण्यासाठी बॉस्टन येथे समुद्रापलीकडून माणसे आली. परळच्या ग्रंथपालांस त्यासाठी एक रस्ता ओलांडावा लागेल.